बकिंगहॅमची बाल्कनी आणि व्हिक्टोरियाचं बिऱ्हाड

लंडनला आलेला प्रत्येक पाहुणा बकिंगहॅम पॅलेससमोर फोटो काढतो. आमच्याकडे येणाऱ्यांना मी तिथेच सांगून टाकते, की तुमच्या मागे दिसतोय तो बाल्कनीवाला भाग मूळ वाड्यात नव्हताच. मुलंबाळं वाढली, खोल्या पुरेनात, म्हणून तो बांधला.

व्हिक्टोरिया १८३७ मध्ये इथे राहायला आली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. काका चौथा जॉर्ज याच्या हौसेपायी जॉन नॅशने बांधलेला हा वाडा दिवाणखान्यांनी झगमगत होता, राहायला मात्र वैताग. धुराडी उलटा धूर सोडायची. शेकोटीत लाकडं रचणारं खातं एक, ती पेटवणारं दुसरं. खिडकीची काच आतून एकाने पुसायची, बाहेरून दुसऱ्याने. दोन्हीकडून स्वच्छ काच दिसणं म्हणजे योगच! आणि पहारा? डिसेंबर १८४० मध्ये थोरली लेक पंधरा दिवसांचीही नव्हती, तेव्हा राणीच्या दालनातल्या सोफ्याखाली एक पोरगा लपलेला सापडला. हाच पोरगा आधीही एकदा वाड्यात शिरून पकडला गेला होता. शेवटी राणीचा नवरा अल्बर्ट याने सगळा घरकारभार एकाच अधिकाऱ्याच्या हाती दिला.

१८४५ पर्यंत चार मुलं झाली होती. राणीने पंतप्रधान पील यांना पत्र लिहून जागेची तक्रार केली, आणि पुढच्या वर्षी संसदेने दीड लाख पौंड मंजूर केले. खर्चाला हातभार म्हणून ब्रायटनचा राजवाडा तिथल्या नगरपालिकेला ५३,००० पौंडांना विकला. तिथलं चिनी धाटणीचं सामान उचलून इथल्या नव्या खोल्यांत लावलं. वास्तुविशारद एडवर्ड ब्लोरने समोरचं मोकळं अंगण नव्या इमारतीने बंद केलं. अंगणाच्या तोंडाशी उभी असलेली मार्बल आर्च ही संगमरवरी कमान आता अडचणीची झाली. ती १८५१ मध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर गेली.

गंमत अशी, की घरच्यांसाठी बांधलेली ही बाजूच सगळ्यात सार्वजनिक ठरली. बाल्कनीची कल्पना अल्बर्टची. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी राणी तिथून लोकांसमोर आली आणि पायंडा पडला. निवांतपणासाठी मात्र हे कुटुंब आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बोर्नला पळायचं.

२०२४ च्या उन्हाळ्यात ही बाजू पहिल्यांदा पर्यटकांना खुली झाली. पुन्हा संधी मिळाली तर ते ब्रायटनचं सामान जरूर बघा. बाहेरचा दगड मात्र तेव्हाचा नाही. ब्लोरचा मऊ फ्रेंच दगड लंडनच्या काजळीने खाल्ला, म्हणून १९१३ मध्ये ॲस्टन वेबने सगळा दर्शनी भाग नव्याने मढवला.