आप्पांचा कोडाक्रोमचा रोल घरीच धुतला, माझा अनुभव

आमचे आप्पा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, भुसावळला रेल्वेत होते आणि फोटोचा त्यांना भारी नाद. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली तर लेन्सच्या डब्याखाली दोन रोल सापडले, कोडाक्रोम ६४, म्हणजे कोडॅक कंपनीची रंगीत स्लाइडची फिल्म, दोन्ही पूर्ण गुंडाळलेले, म्हणजे फोटो काढून झालेले पण धुवायचे राहून गेलेले. डबीवर ‘प्रोसेस के-१४’ छापलेलं. ही फिल्म धुण्याची खास पद्धत, पण मला तेव्हा त्याचा अर्थच माहीत नव्हता.

आधी एका लॅबवाल्याकडे गेलो, तो म्हणाला द्या, मशीनला लावून देतो. नशीब मी त्या दिवशी दिला नाही. कारण घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की बाकीच्या स्लाइड फिल्ममध्ये रंग तयार करणारं रसायन फिल्ममध्येच असतं, कोडाक्रोममध्ये ते नसतंच. चांदीचे तीन थर असतात फक्त, रंग धुताना बाहेरून घालायचे, तेही तीन वेगळ्या डेव्हलपरमधून (डेव्हलपर म्हणजे चित्र उमटवणारं रसायन), मधे एकदा खालून लाल उजेड द्यायचा, एकदा वरून निळा. हाच रोल साध्या कलरच्या मशीनमधून काढला असता तर चांदी ब्लीच-फिक्सरमध्ये निघून गेली असती, रंग तर मुळात येणारच नव्हते, हातात कोरी पट्टी. म्हणून कोणाकडे असा रोल असेल तर हात जोडून सांगतो, के-१४ लिहिलेलं असेल तर मशीनला देऊ नका.

आणि आता के-१४ कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. कोडॅकने २००९ मध्ये फिल्म बंद केली, शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती, ती ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेत होती. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, आप्पांनी जे रंग बघून फोटो काढले ते आता कोणालाच दिसणार नाहीत. पण चांदीत चित्र असतं, ते ब्लॅक अँड व्हाइट म्हणून काढता येतं. मग ठरवलं, एक रोल घरीच करायचा.

दिवस मे महिन्याचे. जळगावात मे म्हणजे टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही आणि मला पाहिजे २० डिग्री. शेवटी आरओचं पाणी बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, परातीत बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली, थर्मामीटर घेऊन पाऊण तास तिथंच बसून. फिल्म टँकमध्ये (उजेड न शिरणारा, धुण्याचा डबा) भरायला रात्री दीड वाजता बाथरूममध्ये, दाराच्या फटीला गोधडी लावून. जुनी फिल्म इतकी कडक वळलेली की रीलवर चढेचना, घाम गळून फिल्मवर पडेल ही एक भीती वेगळीच.

दुसरी भानगड म्हणजे फिल्मच्या पाठीला काजळीचा काळा थर असतो. तो टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्याने सुटतो. टाकणखार किराणा दुकानात पुडीत मिळाला, लिटरभर पाण्यात दोन चमचे, ते टँकमध्ये ओतून मिनिटभर जोरात हलवलं आणि ओतलं तर शाईसारखं काळं पाणी! दोन-तीनदा धुतल्यावर पाणी नितळ आलं. मग एचसी-११० हा डेव्हलपर, एक भागाला एकतीस भाग पाणी, आठ मिनिटं, दर मिनिटाला टँक उलटा करायचा. पाण्याने धुऊन फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. फिक्सरनंतर उजेडात काढून पाठीवर राहिलेली काजळी ओल्या मऊ फडक्याने हळूच पुसली, पुढच्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, ती बाजू ओली असताना साईसारखी नाजूक असते.

फिल्म बाहेर आली ती पिवळट-तपकिरी, मला वाटलं गेलं सगळं. पण कोडाक्रोममध्ये एक पिवळा फिल्टरचा थर असतो, तोही बारीक चांदीचाच, रंगीत प्रोसेसमध्ये ब्लीचमध्ये जातो, आपल्याकडे तो तसाच राहतो. वर इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीतला खानदेशी उन्हाळा खाल्लेली फिल्म, चित्रावर धुक्यासारखा मळकटपणा येणारच. पांढऱ्या लाइटवर ठेवून कॅमेऱ्याने फोटो काढले, मोबाइलमध्ये निगेटिव्हचे पॉझिटिव्ह केले, काळं-पांढरं केलं.

३६ मधले १९ दिसले. चांगदेवचं देऊळ, तापी-पूर्णेच्या संगमावरची होडी, केळीचे घड लादलेली बैलगाडी, आणि एकात अंगणात खाली बसून पापड वाळत घालणारी आजी. दाणेदार आहे, कडा काळ्या पडल्यात, पण तोंड अगदी स्पष्ट. बाबांना मोबाइल दिला, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “हाई मन्ही माय शे.” लुगडं कोणतं होतं विचारलं तर लगेच म्हणाले, हिरवं, लाल काठाचं.

दुसरा रोल फ्रिजमध्ये ठेवलाय, डबीत घट्ट बंद. तो आता डिसेंबर-जानेवारीतच काढणार, तेव्हा आमच्याकडे नळाचं पाणीच गार येतं, बर्फाची गरज पडणार नाही. आणि या वेळी आधी टोकाचा तुकडा कापून तोच धुऊन बघणार, आठ मिनिटं जास्त होतात की कमी ते कळेल.