६१ एमबीचं वसुली शीट

नागपूरच्या महाल भागातल्या एका पतसंस्थेतून सकाळी साडेनऊला फोन आला. "भाऊ, मशीनच नवीन घ्या लागते काय? वसुलीचं शीट काही केल्या उघडत नाही." कॉम्प्युटर आठ, सगळे चौथ्या पिढीचे आय थ्री, चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. वर विंडोज १० आणि ऑफिस २०१६. या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, त्यामुळे व्यवस्थापकांची काळजी रास्त होती. त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या: आठही मशीन बदलायच्या, नाहीतर सगळीकडे फुकटचं ऑफिस टाकायचं.

आधी घड्याळ लावलं. वसुलीची फाईल मोबाईलच्या स्टॉपवॉचवर ४ मिनिटं १० सेकंदांत उघडली. मग त्यांच्याच आग्रहाखातर एका मशीनवर लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस टाकलं आणि तीच फाईल त्यातल्या कॅल्कमध्ये, म्हणजे तिथल्या एक्सेलमध्ये, उघडली. सात मिनिटांनंतरही पट्टी सरकतच होती. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला, पण दिवसभराचं काम कुठे आहे ते तिथेच कळलं. फाईलच फुगलेली असेल तर ती कुठल्याही प्रोग्रॅमला जड जाणार, विकतच्याही आणि फुकटच्याही.

फाईल ६१ एमबीची होती. खातेदार फक्त ३,८००. एवढी माहिती दोन एमबीतही मोकळी बसायला हवी.

एक्सएलएसएक्स फाईल म्हणजे आतून झिपच असते. फाईलची प्रत काढली, तिचं एक्सटेन्शन बदलून झिप केलं आणि उघडून पाहिलं. वर्कशीट्सच्या फोल्डरमध्ये पहिल्या शीटची फाईल साडेपाचशे एमबीच्या घरात होती. ड्रॉइंग्जचं फोल्डरही भरलेलं, जरी शीटवर एकही चित्र दिसत नव्हतं. कुठली फाईल का फुगली हे शोधायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. दोन मिनिटं लागतात आणि अंदाजावर काम राहत नाही.

मग एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एंड दाबलं. खरं तर कर्सर ३,८०० च्या आसपास थांबायला हवा होता. तो गेला झेड कॉलमच्या १०,४८,५७६ व्या ओळीवर, म्हणजे शीटच्या तळाशी. कुणीतरी केव्हातरी पुढच्या ओळीही आपोआप आखलेल्या मिळाव्यात म्हणून रंग आणि बॉर्डर थेट खालपर्यंत ओढले होते. एक्सेलच्या हिशेबी त्या अडीच कोटींवर रिकाम्या चौकटीही (सेल) वापरातल्याच, प्रत्येकीची नोंद फाईलमध्ये लिहिली जाते.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. खालच्या ओळी निवडून कीबोर्डवरची डिलीट कळ दाबतात. त्या कळीने मजकूर जातो, फॉरमॅट तसाच राहतो, फाईल एक केबीनेही कमी होत नाही. करायचं ते असं: आधी फॉर्म्युलाज टॅबमधून कॅल्क्युलेशन मॅन्युअल करा, नाहीतर मध्येच मशीन गोठते. शेवटच्या खातेदाराखालच्या ओळीचा क्रमांक निवडा, कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण दाबा, राईट क्लिक करून मेनूतलं डिलीट घ्या. उजवीकडच्या रिकाम्या कॉलमांचंही तसंच. मग फाईल सेव्ह करून बंद करा, पुन्हा उघडून कंट्रोल एंड तपासा. सेव्ह केल्याशिवाय एक्सेल जुनीच हद्द धरून बसतं. ६१ एमबीची फाईल ९ वर आली.

ड्रॉइंग्जचं कोडं नंतर सुटलं. वसुली विभागातल्या ताई एका वेबसाईटवरचे तक्ते उचलून थेट शीटमध्ये पेस्ट करत होत्या. त्यासोबत न दिसणारे चौकोन आणि रिकाम्या चित्रांचे ठिपके येतात, ओळ कॉपी केली की त्यांचीही कॉपी होते. ऑल्ट आणि एफ १० ने सिलेक्शन पेन उघडलं तर २,३०० वस्तूंची यादी आली. एफ ५, स्पेशल, ऑब्जेक्ट्स, ओके, आणि आता मात्र डिलीट कळच. शीटवर खरी बटणं किंवा आलेख असतील तर ते आधी कंट्रोल क्लिकने निवडीतून वगळावे लागतात, इथे तसं काही नव्हतं. यापुढे पेस्ट करताना पेस्ट स्पेशल, टेक्स्ट, एवढंच ताईंना दाखवलं.

कंडिशनल फॉरमॅटिंगचंही तेच दुखणं. थकबाकी लाल दिसावी म्हणून लावलेला एक नियम ओळी कापून-चिकटवताना तुटत तुटत नऊशेवर गेला होता. एकेक पुसत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण शीटवरचे नियम क्लिअर केले आणि हवे ते तीन नव्याने लावले.

फॉर्म्युल्यांत दोन जागा महागात पडत होत्या. प्रत्येक खात्यासमोर किती दिवस थकले हे आजची तारीख देणारं टुडे फंक्शन काढत होतं. हे फंक्शन दर बदलाला नव्याने चालतं. कुठल्याही चौकटीत एक आकडा टाकला की ३,८०० ओळी पुन्हा मोजल्या जायच्या. वर एका चौकटीत रोज सकाळी कंट्रोल आणि अर्धविराम दाबून तारीख टाकायची आणि सगळ्या ओळींनी तीच वाचायची, असं केलं. तारीख टाकायला विसरलं तर दिवस चुकतील, म्हणून ती चौकट ठळक पिवळी ठेवली आहे. दुसरी जागा गोषवाऱ्याची. वसुली प्रतिनिधींच्या बेरजा समप्रॉडक्ट या फंक्शनने अख्खे कॉलम धरून काढल्या होत्या, असे २४० फॉर्म्युले. समप्रॉडक्ट अख्ख्या कॉलमच्या दहा लाखांवर ओळी चाळतं, अटीनुसार बेरीज करणारं समइफ्स वापरातल्या ओळींपाशी थांबतं. सगळे समइफ्सवर आणले. फाईल झाली १.६ एमबी, उघडायला ९ सेकंद. कॅल्कमध्ये ११.

काम संपलं असं वाटत असतानाच काउंटरच्या मशीनवर तीच फाईल ४० सेकंद घेऊ लागली. कोरं एक्सेल उघडलं, तरी ४०. वर्डही तसंच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत. प्रोग्रॅम काम करत नसून कशाची तरी वाट पाहतोय, असा याचा अर्थ. अ‍ॅड-इन, म्हणजे ऑफिसला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद करून पाहिले, फरक नाही. शेवटी प्रिंटरच्या यादीत उत्तर सापडलं. डिफॉल्ट म्हणून जो नेटवर्क प्रिंटर लावला होता तो कधीचाच भंगारात गेलेला. एक्सेल आणि वर्ड उघडताना पानाची मांडणी ठरवायला डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतात. तो नेटवर्कवर सापडेना म्हणून दर वेळी थांबून राहायचे. सेटिंग्जमध्ये जाऊन डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवण्याची खूण काढली, मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ डिफॉल्ट केला, मेलेला प्रिंटर यादीतून काढून टाकला. ४० चे ६ सेकंद झाले. या एका कारणापायी लोक रॅम बदलतात, फॉरमॅट मारतात, नवीन मशीन घेतात.

आणखी एक मशीन उन्हाळाभर कूलरच्या झोतात असायची. ओल आणि धूळ मिळून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर नमदा बसला होता, प्रोसेसर तापून वेग उतरवत होता. ब्लोअर आणि नवी थर्मल पेस्ट, एवढ्यात भागलं. नागपुरात हे जागोजागी दिसतं. बाकी मशीनना जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान सॅटा एसएसडी आणि आणखी चार जीबी रॅम सुचवली.

आता फुकटच्या ऑफिसचा प्रश्न मोकळेपणाने बोलता आला. सहा मशीन लिबरऑफिसवर घेतल्या, दोन नाही. लेखापालांच्या हिशेबात फॉर्म असलेले मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधले छोटे प्रोग्रॅम, आहेत, ते कॅल्कमध्ये धड चालत नाहीत. त्यांचं एक्सेल ठेवलं, मात्र बाहेरून ईमेलने आलेली फाईल त्या मशीनवर उघडायची नाही असं ठरलं. दुसरी मशीन कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टवर टाइप करणाऱ्या ताईंची, तिच्याबद्दल पुढे. एका मशीनवर आधीच ओपनऑफिस होतं आणि सगळ्यांना ते आणि लिबरऑफिस एकच वाटत होतं. २०१० मध्ये त्यातूनच द डॉक्युमेंट फाउंडेशनने लिबरऑफिस वेगळं काढलं. ओपनऑफिस वर्डची डॉकएक्स फाईल उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करत नाही. ते काढलं.

लिबरऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कराव्यात. टूल्स, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जावाची खूण काढा, सुरू होण्याचा वेळ वाचतो आणि पत्रव्यवहाराला जावा लागत नाही. भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा. मराठी अक्षरांचा फॉन्ट आणि आकार तिथे इंग्रजीपेक्षा वेगळा नोंदला जातो, हे ठाऊक नसलं की "मी १४ केलं तरी १२ च दिसतं" अशी तक्रार येते. आणि लोड-सेव्हच्या पानावर नेहमीचा फॉरमॅट डॉकएक्स ठरवा, कारण बँक आणि निबंधक कार्यालयाकडे फाईल जाणारच असते. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया या वर्डच्या फॉन्टऐवजी येणारे कार्लिटो आणि कॅलेडिया त्याच रुंदीचे असल्याने ओळी पुढेमागे होत नाहीत.

पीडीएफचं गणित स्कॅनरवरच बिघडलेलं होतं. कर्जाची ४२ पानी फाईल ११८ एमबीची, कारण सेटिंग ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) रंगीत. ए फोर पानाचे त्यात साडेतीन कोटी ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, दाबण्याआधी एका पानाला शंभर एमबी. २०० डीपीआय काळ्या-पांढऱ्यात तेच पान अर्ध्या एमबीच्या आत. नॅप्स २ हा फुकटचा प्रोग्रॅम टाकून दोन प्रोफाईल केले: साध्या पानांना २०० डीपीआय काळं-पांढरं, शिक्का आणि फोटो असलेल्यांना ३०० डीपीआय ग्रे. वाचायला सुमात्रा पीडीएफ, ते क्षणात उघडतं. पण डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सही ते तपासत नाही, म्हणून एका मशीनवर अ‍ॅडोबी रीडर ठेवलं आणि मशीनसोबत आपोआप सुरू होणारे त्याचे सोबती प्रोग्रॅम स्टार्टअपमधून बंद केले.

संध्याकाळी पाचला कृतिदेववाल्या ताईंकडे वळलो. त्यांचं रडगाणं जुनं होतं. परिच्छेद "कर्जदारास" ने सुरू केला की पहिला क पाय मोडून क् होतो. कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट नाही. आपल्याला क दिसतो, मशीनच्या लेखी तो इंग्रजी छोटा डी असतो. ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं, आणि मोठा डी म्हणजे कृतिदेवात अर्धा क. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधली पहिलं अक्षर मोठं करण्याची आणि अवतरणचिन्हं बदलण्याची खूण काढली. ताईंनी लगेच "कर्जदारास" टाइप केलं, क जागेवर राहिला. "इतके दिवस मी ते बॅकस्पेस मारून मारून करत होती," त्या म्हणाल्या.

जुनी शेकडो पत्रं आहेत तशी ठेवली. रोज लागणारे १४ नमुने तेवढे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणले, म्हणजे ते लिबरऑफिसवर सगळ्यांना चालतील. इथे मराठीची खास अडचण आली. कन्व्हर्टर हिंदीच्या हिशेबाने केलेला. "दुसऱ्या हप्त्याची" चं "दुसर्या" झालं, "भरणाऱ्या" चं "भरणार्या". शोधून एकदम बदलावं तर "पर्याय" आणि "कार्यालय" यांतला र्या बरोबरच आहे, तो बिघडतो. म्हणून फाइंडमध्ये र्या टाकून नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो. ताई मोठ्याने शब्द वाचायच्या, चुकीचा असेल तेवढाच मी बदलायचो. सात वाजेपर्यंत नऊ नमुने झाले. उरलेले पाच ताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः केले आणि तपासायला पाठवले. त्यांत एकच सुटला होता, जामीनदाराच्या नोटिशीतला "घेणार्या".