आमची वाटचाल : आधी वही, मग गाडी

हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. दुरुस्ती सगळेच करतात. आमच्याकडे लोक गाडी घ्यायच्या आधी येतात. जुनी जपानी गाडी, त्यातही दोन दारांची स्पोर्ट्स कूपे घ्यायचं मनात असेल, तर ती वर्षाला किती खाईल हे आम्ही वहीत मांडून, खाली सही करून देतो. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती, सगळीकडून गाड्या येतात. आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा आमच्या आजूबाजूला कोणी ते करत नव्हतं. ते आम्ही सोडून द्यावं म्हणून काही लोकांनी जंग जंग पछाडलं, तेही इथे लिहिणार आहे.

सुरुवात 2004 ची. मी आणि माझा मावसभाऊ. मी जीप, ट्रॅक्स आणि ट्रॅक्टरवर हात बसलेला, तो पुण्यात जपानी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये शिकून आलेला. तेव्हा नागपूरची जुनी होंडा सिटी आणि लान्सर आपल्या भागातल्या कापूसवाल्यांकडे, संत्रेवाल्यांकडे यायला लागली होती. होंडाचं व्हीटेक इंजिन उघडायची कोणाची हिंमत नव्हती. मावसभाऊ उघडायचा. लान्सर तमिळनाडूत तिरुवल्लूरला बनायची, त्यामुळे तिचा माल चेन्नईच्या पुदुपेट बाजारात मिळतो हे त्याला ठाऊक होतं. नागपूरवरून चेन्नईची गाडी पकडायचा आणि मागच्या सस्पेन्शनचे आर्म पोत्यात बांधून आणायचा.

त्याने येताना एक टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून आवळायचा पाना, आणि एक कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, आणलं होतं. गेज चुडीचं, म्हणजे प्लगच्या जागी आटे बसवून लावायचं. रबरी टोक हाताने दाबून धरायचं गेज आमच्याकडे कधीच नव्हतं, कारण त्यात हात हलला की आकडा हलतो. 10, 12 आणि 14 मिलिमीटरचे ॲडॉप्टर, होजला पितळी नट, आणि डायलची काच कडेला थोडी तडकलेली. आजही तेच वापरतो. इंजिन गरम, बॅटरी फुल, सगळे प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, मग सेल्फ मारायचा. बहुतेक मिस्त्री शेवटचा आकडा बघतात. मावसभावाने मला पहिला झटका बघायला शिकवलं. पिस्टनच्या रिंग चांगल्या असल्या की काटा पहिल्याच झटक्यात अर्ध्याच्या वर जातो आणि पुढच्या दोन-तीनमध्ये टिकतो. रिंग गेलेल्या असल्या की हळूहळू चढतो, आणि शेवटी बरा आकडाही दाखवतो. तिथेच लोक फसतात. शंका आली की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकायचं आणि पुन्हा बघायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. मावसभाऊ 2012 ला घरच्या कारणाने पुण्याला परत गेला. जाताना टॉर्क रेंच घेऊन गेला आणि गेज माझ्याकडे ठेवलं.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं बरी गेली. टू-पोस्ट लिफ्ट बसवली, स्कॅनर घेतला, पोरं कामाला ठेवली.

आता 2019 चा उन्हाळा. आमचे काकाजी, जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना त्यांचा, पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. त्यांची क्वालिस आमच्याच हाताखाली म्हातारी झाली. त्यांच्या धाकट्या मुलाने शहरातल्या एका डीलरकडे निसान 370झेड पाहिली. दोन सीटची, 3.7 लिटरचं व्ही-सिक्स, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. नवी असताना पन्नास लाखांच्या वरची गाडी, जुनी म्हणून निम्म्याहून कमी भावात मिळत होती. पोरगा पागल झाला होता. काकाजी म्हणाले, "तू पाह्य बाप्पा, मंग मी चेकवर सही करतो."

अडचण ही होती की तो डीलर आमचा सगळ्यात मोठा धंदा होता. त्याच्या गाड्यांचं डेंटिंग, पॉलिश, विकायच्या आधीची तयारी सगळी आमच्याकडे. माझ्याकडून त्याची अपेक्षा एकच होती, गाडीभोवती एक चक्कर मारायची आणि "ओके आहे जी" म्हणायचं.

आम्ही पोचलो तेव्हा बोनेट गरम होतं. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली असेल तर समजून घ्या की थंड इंजिन काहीतरी बोलतं, जे तुम्ही ऐकू नये अशी त्याची इच्छा आहे. मी सांगितलं, थंड होऊ द्या. मे महिना, टिनाचं शेड, दुपार कलेपर्यंत बसलो. डीलरचा माणूस तीनदा चहा घेऊन आला, दरवेळी आवाज थोडा चढलेला. गाडी थंड झाल्यावर सेल्फ मारला, सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि थोड्या वेळाने गेला. इंजिन पुन्हा गरम झाल्यावर गेज लावलं. पाच सिलिंडर बरोबर, सहाव्याच्या दाबात एक किलोपेक्षा जास्त फरक. त्या इंजिनाला तेवढा फरक चालत नाही. टायरवर डॉट (DOT) असं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागच्या टायरवर वर्ष 12 होतं. नक्षी नव्यासारखी, रबर दगड झालेलं. क्लच पेडल खाली गेल्यावर आळसाने वर येत होतं, आणि डब्यातलं फ्लुइड काळं. या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचला देणारा पार्ट, गिअरबॉक्सच्या तोंडाशी बेल हाउसिंगच्या आत बसतो. तो बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. पार्ट स्वस्त, मजुरी महाग, आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट तशीच ठेवत नाही कोणी.

हे सगळं मी वहीत लिहिलं, रकमा टाकल्या, बेरीज केली आणि पान काकाजींच्या हातात दिलं. काकाजींनी डीलरसमोर मोठ्याने वाचलं. सौदा तिथेच संपला.

दुसऱ्या आठवड्यापासून आमच्याकडे एकही गाडी आली नाही. त्या डीलरने बाकीच्या डीलरांनाही सांगितलं, हा सौदे मोडतो. गिऱ्हाइकांना सांगितलं, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला व्ही-सिक्स काय कळतं. दीड दशक ज्या हातांनी त्याच्या गाड्या उभ्या केल्या, ते हात एका दुपारीत अडाणी झाले. लिफ्टचा हप्ता चालू होता. पोरांचा हिशोब करून त्यांना घरी पाठवावं लागलं. त्यातला एक आमच्याच गावचा, त्याच्या बापाला तोंड दाखवायला जड जायचं. दिवाळीला मी शटर अर्धं उघडायचो. मग 2020 चा मार्च आला आणि तेही बंद झालं.

लॉकडाऊन उठताना काकाजी स्वतः आले. जिनिंगचे ट्रॅक्टर, छोटे टेम्पो, जनरेटर, सगळं आमच्याकडे लावलं. म्हणाले, "सिझनभराचे आगाऊ घे. हिशोब मंग करू." त्यांच्याकडे आधीपासून दुसरा मिस्त्री होता, तो त्यांच्या नात्यातला. त्याला त्यांनी काय सांगितलं हे मी विचारलं नाही. पण आज जे गॅरेज उभं आहे ते त्या आगाऊ रकमेवर उभं आहे, आणि हे मी चारचौघांत सांगतो.

ती 370झेड पुढे दुसऱ्या जिल्ह्यात विकली गेली. नंतर एक दिवस फ्लॅटबेडवर चढून आमच्याच दारात आली. क्लच गेलेला. त्या मालकाला मी वहीतलं जुनं पान काढून दाखवलं. त्याने फोटो काढला आणि डीलरला पाठवला. उत्तर आलं नाही. आमच्याकडे तर आजपर्यंत एक शब्द आला नाही, उलट तोच डीलर महागडी गाडी उचलायची असली की तिसऱ्याच माणसाच्या नावाने आमची तपासणी करून घेतो. मला कळतं. तपासणी मी तशीच करतो, पण फी रोख आणि आधी.

काकाजींच्या धाकट्याने 2023 मध्ये शेवटी 370झेडच घेतली. दुसरी, बंगळुरूची, 2011 ची, मॅन्युअल, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली. आम्ही कूपेच्या विरोधात नाही, हे लोकांना कळावं म्हणून तिचं पान आजच्या भावाने इथे देतो. वर्षाला 6,000 किलोमीटर धरले. गावात सहा-सात, हायवेवर नऊ-दहा, म्हणून ॲव्हरेज आठ. म्हणजे 750 लिटर, साधारण 78,000 रुपये. टायर पुढे 245/40, मागे 275/35, दोन्ही 19 इंची. माप वेगळं असल्याने पुढचे मागे करता येत नाहीत. पूर्ण सेट लाखाच्या वर, म्हणून वर्षाला 25,000. विमा 45,000, त्यात 1500 सीसीच्या वरच्या गाडीचे थर्ड पार्टीचे 7,897. सिंथेटिक ऑइल पाच लिटरच्या आसपास लागतं, वर्षातून दोनदा, फिल्टरसकट 10,000. दुरुस्तीसाठी बाजूला 60,000. पंधरा वर्षं झाल्यावर बाहेरून पूर्ण बनून आलेल्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण 40,000, देशात बनलेल्या कारचं 5,000. नूतनीकरण पाच वर्षांचं, म्हणून वर्षाला 8,000. बेरीज 2,26,000. किलोमीटरला साधारण 38 रुपये, आणि त्यात पेट्रोल फक्त 13.

प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" आणि पेट्रोल तर खर्चाचा तिसरा हिस्सा आहे. उरलेले दोन हिस्से कोणी विचारत नाही, म्हणून शोरूममधला माणूस सांगतही नाही.

विम्याचंही बघून घ्या. जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. मग क्लेममध्ये रबर आणि प्लास्टिकचे निम्मे पैसे तुमचे. आणि या गाडीचं बंपर प्लास्टिकच आहे, आपल्या गावाचे स्पीड ब्रेकर ते सोडत नाहीत. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (तिथल्या आरटीओची ना-हरकत) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागतो, तो भावात धरा. दिल्लीची पंधरा वर्षं होत आलेली पेट्रोल गाडी स्वस्त मिळाली तर लक्षात घ्या, तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला बंदीचा नियम निघाला होता; तो बदलत आला आहे, आज काय आहे ते विचारून घ्या. ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळ्या पंपांवर आहे आणि या गाड्या इथेनॉलच्या इतक्या प्रमाणासाठी बनलेल्या नाहीत. महिना महिना उभी ठेवू नका, फ्युएल होज दरवर्षी बोटांनी दाबून बघा. समृद्धी 2022 च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून पोरांना 120 ची मोकळीक मिळाली आहे. मे महिन्यात दुपारी त्या काँक्रीटवर ऑइल टेंपरेचरच्या काट्याकडे लक्ष ठेवा, स्पीडच्या काट्याकडे नंतर.

होंडा प्रेल्यूडसारखी गल्फमधून आलेली जुनी कूपे असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला, कारण बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला मारतो. माझदाच्या रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या गाडीला मात्र आम्ही हात लावत नाही. तिच्या रोटरला तीन बाजू असतात, तिन्हींचं कॉम्प्रेशन वेगळं वाचणारं गेज लागतं, ते आमच्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

आणखी एक आपल्याच भागाचं. धाकट्याची गाडी जिनिंगमध्ये उभी राहते. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर एसी गार करेना. गॅसवाल्याने गॅस कमी आहे म्हणून भरून दिला, तरी तेच. आम्ही पुढचा बंपर उतरवला. कंडेन्सरच्या जाळीत रुईचे तंतू असे बसले होते की उजेड पलीकडे दिसत नव्हता. वर धुळीचा थर, त्यामुळे रुई पांढरी नाही, मातकट. मऊ ब्रशने आतून बाहेर झाडलं, कमी दाबाच्या पाण्याने धुतलं. प्रेशर वॉशर मारला असता तर फिन्स वाकल्या असत्या. आता दर हंगामात बंपर उतरतो, आणि तो खर्चही वहीत लिहिलेला आहे.

तपासणीसाठी गाडी आणायची असेल तर आदल्या रात्रीच आणून उभी करा, चावी आमच्याकडे द्या. सकाळी पहिला सेल्फ आम्हीच मारतो. आरसी, विमा आणि सगळी बिलं सोबत आणा. विकणाराही सोबत असला तरी चालेल, पान त्याच्यासमोरच वाचून दाखवतो.