प्लिमथचा जॅक लेस्ली

लंडनच्या पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी एक्झेटर मागे टाकते आणि थोड्याच वेळात अगदी समुद्राच्या कडेने धावायला लागते. डॉलिशला रूळ आणि लाटा यांच्यामध्ये फक्त एक दगडी भिंत आहे. एका खिडकीत तांबडे कडे, दुसऱ्या खिडकीत पाणी. मी मात्र मनातल्या मनात शंभर वर्षांपूर्वीच्या याच मार्गावरचा एक संघ बघत होते. प्लिमथ आर्गाइल. इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाचा फुटबॉल क्लब, त्यामुळे नॉर्विच किंवा गिलिंगहॅमशी सामना असला की अख्खा देश आडवा ओलांडायचा, खेळायचं आणि परत यायचं. त्या डब्यात त्यांचा खेळाडू जॅक लेस्ली असायचा, आणि मी त्याच्यासाठीच प्लिमथला निघाले होते.

स्टेशनपासून होम पार्क मैदान चालत जाण्याजोगं आहे. वाट सेंट्रल पार्क नावाच्या मोठ्या, चढउताराच्या बागेतून जाते. मैदानाबाहेर जॅकचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचं अनावरण झालं. शिल्पकार अँडी एडवर्ड्स. पुतळ्यासाठी लोकांनी एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमवली, आणि आर्गाइलच्या पाठीराख्यांबरोबर इतर क्लबांच्या पाठीराख्यांनीही त्यात भर घातली. क्लबने आपल्या संचालक मंडळाच्या दालनालाही जॅकचं नाव दिलं आहे. निर्णय घेणारी माणसं ज्या खोलीत बसतात तिच्या दारावर हे नाव आहे, ही गोष्ट मला फार आवडली. जॅकचं नुकसान अशाच एका खोलीत झालं होतं.

जॅक लंडनच्या कॅनिंग टाउनचा, गोदीकामगारांच्या वस्तीतला. वडील जमैकाचे कृष्णवर्णीय, आई इंग्लिश. बॉयलर बांधण्याचं काम शिकलेला हा मुलगा बार्किंग टाउनकडून गोलांमागून गोल करत होता. १९२१ मध्ये आर्गाइलने त्याला प्लिमथला आणलं. क्लब तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनच्या दक्षिण गटात होता आणि त्या गटातून वर्षाला एकच संघ वरच्या डिव्हिजनमध्ये जायचा. आर्गाइल १९२१-२२ पासून १९२६-२७ पर्यंत सलग सहा हंगाम दुसरा आला! सहा वर्षं उंबरठ्यावर येऊन परत फिरायचं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच जिद्दीने मैदानात उतरायचं. अखेर १९२९-३० मध्ये संघ विजेता ठरून वर गेला, तेव्हा जॅक संघात होताच. इनसाइड लेफ्टला, म्हणजे आघाडीत डावीकडच्या आतल्या जागी, तो आणि त्याच्या डावीकडे स्कॉटलंडचा सॅमी ब्लॅक, ही जोडी प्लिमथकरांच्या आजोबा-पणजोबांनी डोळे भरून पाहिली. जॅकच्या नावावर ४०१ सामने आणि १३७ गोल आहेत. पुढे तो कर्णधारही झाला.

आता १९२५ ची गोष्ट. एका सकाळी मॅनेजर बॉब जॅक यांनी त्याला बोलावून सांगितलं की इंग्लंडच्या संघासाठी तुझी निवड झाली आहे. तिसऱ्या डिव्हिजनच्या खेळाडूसाठी ही केवढी गोष्ट! बॉब जॅक यांचा स्वतःचा मुलगा डेव्हिड आदल्याच वर्षी इंग्लंडकडून खेळला होता, त्यामुळे या बातमीचं मोल त्यांना चांगलंच ठाऊक असणार. गावभर आनंद झाला. पण काही दिवसांतच वर्तमानपत्रांत संघाची यादी आली आणि तिच्यात जॅकचं नाव नव्हतं. तेव्हा इंग्लंडला मॅनेजर नसायचा, निवड समिती संघ ठरवायची. जॅकने म्हातारपणी एका वार्ताहराला सांगितलं की समितीची माणसं त्याला बघायला आली होती ती त्याचा खेळ बघायला नव्हे, त्याचा चेहरा बघायला. त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंड बेलफास्टला आयर्लंडविरुद्ध ०-० असं खेळलं. त्याच दिवशी आर्गाइलने बोर्नमथला ७-२ असं हरवलं आणि त्यातले दोन गोल जॅकचे होते.

पुतळ्यासमोर उभं राहून मला सगळ्यात जास्त राग आला तो याच दिवसाचा. इंग्लंडला गोल हवे होते आणि गोल करणारा माणूस त्यांनी रंगावरून घरी ठेवला. इंग्लंडच्या मुख्य संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, खेळला तो १९७८ मध्ये. मधली त्रेपन्न वर्षं कोणाकोणाची गेली असतील!

चामड्याच्या चेंडूची नाडी डोळ्याला लागून जॅकची कारकीर्द संपत आली. त्याने काही काळ कॉर्नवॉलमध्ये ट्रुरोला पब चालवला, मग लंडनला परतून पुन्हा बॉयलरचं काम धरलं. निवृत्तीनंतर वेस्ट हॅम क्लबच्या बूट ठेवण्याच्या खोलीत त्याला काम मिळालं. बॉबी मूर, जेफ हर्स्ट, मार्टिन पीटर्स, म्हणजे १९६६ चा विश्वचषक जिंकलेले खेळाडू, आणि बर्म्युडाहून आलेला क्लाइड बेस्ट, या सगळ्यांचे बूट तो घासूनपुसून तयार ठेवायचा. ते काम त्याने आवडीने केलं, असं त्याच्या घरचे सांगतात, आणि मला ते पटतं. फुटबॉलच्या वासात राहायला मिळणं हे त्याच्यासाठी थोडं नव्हतं. पण म्हणून १९२५ चा अन्याय हलका होत नाही.

जॅक १९८८ मध्ये गेला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने मार्च २०२३ मध्ये त्याला मरणोत्तर मानद कॅप, म्हणजे देशाकडून खेळणाऱ्याला मिळणारी टोपी, दिली. वेम्बलीला इंग्लंड-युक्रेन सामन्याच्या वेळी त्याच्या नातींनी ती स्वीकारली.

प्लिमथला जाणारे बहुतेक जण सरळ बंदराकडे जातात. मेफ्लॉवर जहाज जिथून अमेरिकेला निघालं असं मानतात त्या जागेजवळच्या पायऱ्या बघतात, ‘हो’ नावाच्या टेकडीवरच्या लाल-पांढऱ्या दीपगृहाशी फोटो काढतात. मीही संध्याकाळी तिकडे गेले, वारा सुरेख होता. पण तुम्ही गेलात तर आधी होम पार्कला जा. सामन्याचा दिवस असेल तर फारच उत्तम, हिरव्या मफलरींची गर्दी पुतळ्याच्या आसपास जमलेली असते आणि कोणीही म्हातारा पाठीराखा तुम्हाला जॅकबद्दल आनंदाने सांगेल.