फिरती सीट की रॅम्प?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: जोडीदाराला गाडीत चढणं-उतरणं दिवसेंदिवस जड जातंय, तर दाराकडे वळणारी फिरती सीट बसवावी की सरळ व्हीलचेअरसकट आत नेता येईल अशी रॅम्पची गाडी घ्यावी?

आधी हे पाहा, की बाहेरून दमून परतताना तुमचा माणूस किती वेळ उभा राहू शकतो. सकाळी निघताना सगळं जमतं, संध्याकाळी पाऊल उचलत नाही. पार्किन्सन्समध्ये तर औषधाच्या दोन वेळांच्या मधेच फरक पडतो. त्यामुळे मापं घ्यायची आणि गाडी बघायची ती त्याच्या सगळ्यात वाईट वेळेला.

टेप घेऊन गाडीच्या सीटची जमिनीपासूनची उंची, व्हीलचेअरच्या सीटची उंची (ही सहसा 45 ते 50 सेंटीमीटर असते), दाराच्या उंबऱ्याची उंची आणि दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी रुंदी मोजा. दोन्ही सीट जवळपास एका पातळीत असतील आणि हातात जोर असेल, तर ट्रान्सफर बोर्डावरून (दोन सीटच्या मधे टाकायची गुळगुळीत फळी) सरकत जाणं बराच काळ पुरतं. दाराचं कुलूप ज्या कडीत अडकतं, त्या चौकटीवरच्या कडीत खोचायची मूठही उपयोगी आहे. तिच्यावर भार खाली दाबून द्यायचा, ओढायची नाही. फिरणारी गादी वापरलीत तर पातळच घ्या. जाड, मऊ गादीवर बसलं की पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर सरकतो, आणि जोरात ब्रेक लागला की माणूस पट्ट्याखालून घसरू शकतो.

फिरती सीट दिसायला सोयीची, पण ती फसते ठरावीक जागी: वळताना गुडघे पुढच्या खांबाला अडतात, पावलं उंबऱ्यावरून जात नाहीत, डोकं छताला लागतं. म्हणून त्याच मॉडेलमध्ये, त्याच माणसाला बसवून पाहा. मूळ सीटमध्ये बाजूची एअरबॅग किंवा वजनाचा सेन्सर असेल तर त्याचं काय होणार, हे लेखी घ्या. सीट फिरली तरी तिच्यावरून खुर्चीत जायचं काम उरतंच. आज उठवायला दोन माणसं लागत असतील, तर माझ्या मते या सीटची वेळ निघून गेली आहे. पैसे पुढच्या टप्प्यासाठी ठेवा.

रॅम्पचं गणित मात्र नीट करा, कारण ते ढकलणाऱ्याच्या पाठीचं गणित आहे. गाडीचा तळ जमिनीपासून 30 सेंटीमीटर असेल, तर 1:6 उतारासाठी (1 उंचीला 6 लांबी) रॅम्प साधारण 1.8 मीटर लांब लागतो. माणूस आणि खुर्ची मिळून 100 किलो धरले, तर या उतारावर सतत 16 किलोचा जोर लावावा लागतो. जागा वाचवायला रॅम्प 1.2 मीटरचा केला की उतार 1:4 होतो आणि जोर 24 किलोवर जातो. उतरवताना तेवढाच भार खाली उभ्या असलेल्या तुमच्यावर येतो. विंच (खुर्ची पट्ट्याने वर ओढून घेणारी मोटर) असलेलीच गाडी बघा. मोटरची खुर्ची कित्येकदा 100 किलोच्या वर जाते; रॅम्पची क्षमता माणूस, खुर्ची आणि ढकलणारा मिळून धरायची. शिवाय मागे रॅम्प आणि खुर्ची मावतील अशी जवळपास 3 मीटर मोकळी जागा लागते. मागे कोणी गाडी लावली तर उतरताच येत नाही.

खुर्चीतच बसून प्रवास करायचा असेल, तर ती त्यासाठी तपासलेली हवी. आयएसओ 7176-19 हे त्याचं मानक. खुर्ची चार कोपऱ्यांना चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाला बांधायची, तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला. खुर्चीचे ब्रेक या कामाचे नाहीत. माणसाला खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा वेगळा पट्टा लागतो, आणि तो हाताच्या टेकणीखालून अंगाला लागून गेला पाहिजे.

जोडीदार स्वतः गाडी चालवत असेल तर ऑटोमॅटिक गिअर आणि हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर. उजवा पाय गेला म्हणून डाव्या पायाचं ॲक्सिलरेटर बसवतात. आजार वाढणारा असेल तर मला ते पटत नाही, डावा पायही पुढे कमी पडतो. आधी तज्ज्ञाकडून ड्रायव्हिंगची तपासणी करून घ्या, परवाना आणि विमा देणाऱ्यांना कळवा, मगच नट-बोल्टला हात लावू द्या.

शक्य असेल तर गाडी एक दिवस भाड्याने घ्या. चढवणं, पट्टे बांधणं, उतरवणं हे सगळं तुम्ही एकट्याने, अंधारात, लागोपाठ दोनदा करून पाहा आणि दुसऱ्या वेळेला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.