दोन स्टेपन्या आणि डेम्पस्टर महामार्ग

गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या करारात, गाडी खडीच्या रस्त्यावर नेऊ नये, असे एक कलम बारीक अक्षरांत असते आणि शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ते कधी वाचावेही लागत नाही. आम्हा उभयतांचा प्रवास मात्र त्या एका कलमावरच अडला होता. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातील डेम्पस्टर महामार्गाने आर्क्टिक महासागरापर्यंत जायचे आमच्या मनात होते आणि डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर फुटणारा हा रस्ता उत्तरेकडील इनुविक गावापर्यंत जवळजवळ ७४० किलोमीटर खडीचाच आहे. दोन ठिकाणी नकार पचवल्यावर व्हाइटहॉर्समधील तिसऱ्या कंपनीने करारात डेम्पस्टरचे नाव लिहून द्यायचे कबूल केले. भाडे अर्थातच चढे होते, आणि टायर, समोरची काच व गाडीचा तळ या तिन्ही गोष्टी विम्यातून वगळलेल्या होत्या. त्या रस्त्यावर जे हमखास बिघडते, नेमके तेवढेच आमच्या माथी मारलेले होते.

सही करण्यापूर्वी मी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, काचेचे जवळून काढले, आणि डिकीतील सामान बाहेर काढून पाहिले. पूर्ण आकाराच्या दोन स्टेपन्या होत्या. अनेक गाड्यांत असते ते अरुंद, तात्पुरते चाक डेम्पस्टरवर काही कामाचे नाही. जॅक होता, पण चाकाचे नट सोडवायचा पाना नव्हता. तो मागितल्यावर काउंटरवरच्या माणसाने काही न बोलता दुसऱ्या गाडीतून काढून दिला. मी विचारले नसते तर काय झाले असते, हा विचार पुढे दोन दिवसांनी मला फार छळणार होता.

व्हाइटहॉर्स ते डॉसन हे साधारण ५३० किलोमीटर अंतर एका दिवसात निघाले. त्याबद्दल वेगळे लिहावे असे काही नाही. डेम्पस्टरच्या तोंडाशी टाकी काठोकाठ भरून घेतली, कारण पुढचा पंप ३६९ व्या किलोमीटरला ईगल प्लेन्स येथे आहे आणि मध्ये वस्ती अशी नाहीच. पहिला मुक्काम टूम्बस्टोन उद्यानात केला. तिथले काळे, सुळक्यांचे डोंगर आणि पायथ्याशी पसरलेला झाडांविना टुंड्रा पाहताना गाडीची काळजी तेवढ्यापुरती विसरायला झाली.

हा रस्ता चालवायला शिकावा लागतो. जमिनीखाली कायम गोठलेली माती असते आणि रस्त्याच्या उष्णतेने ती वितळली तर रस्ताच खचेल. म्हणून खडीचा जाड थर भरावासारखा घालून त्यावर वाहतूक चालवली आहे. त्यामुळे रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे, त्याच्या कडा भुसभुशीत आहेत आणि फोटोसाठी म्हणून गाडी कडेला घ्यावी तर ती हळूहळू कलंडू लागते. धूळ बसावी म्हणून खडीवर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो, पण पाऊस पडला की त्याचाच निसरडा, करडा राडा होतो आणि वाळल्यावर तो सिमेंटसारखा घट्ट धरतो. समोरून मालवाहू ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरकायचे आणि उडालेले खडे काचेवर येईपर्यंत श्वास रोखून बसायचे, हा क्रम आम्ही पहिल्या तासातच शिकलो.

ईगल प्लेन्सला अजून सत्तरएक किलोमीटर होते तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, तो पिवळा दिवा लागलाय बघा." उजव्या बाजूच्या मागच्या टायरची हवा उतरत होती. या भागात रस्त्यावर पाटीच्या दगडासारखे धारदार कपचे असतात. त्यातलाच एक टायरच्या बाजूच्या भिंतीत सुरीसारखा घुसला होता. पंक्चर काढून भागण्यातले ते नव्हते. जॅक लावला तर तो गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खडीत रुतू लागला. शेवटी सामानातली भाजी चिरायची लाकडी फळी खाली घातली तेव्हा चाक सुटे झाले. एवढा वेळ डासांचा ढग आमच्याभोवती होता, आणि मी नट पिळत असताना पत्नी माझ्या मानेवर टॉवेल फिरवत उभी होती. वीस मिनिटांचे काम पाऊण तासाने संपले. तेवढ्या वेळात एकच गाडी गेली. ती मात्र थांबली आणि चालकाने काही हवे का, हे विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकले नाही.

ज्यांच्या नावाने हा रस्ता आहे, ते डब्ल्यू. जे. डी. डेम्पस्टर कॅनडाच्या घोडदळ पोलिसांत होते. १९११ च्या मार्च महिन्यात, फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघून बेपत्ता झालेल्या चौघांच्या गस्ती तुकडीचा शोध घेताना त्यांना त्या चौघांचे मृतदेह सापडले. वेगाने पोहोचता यावे म्हणून त्या तुकडीने शिधा कमी घेतला होता, आणि पुढे वाट चुकली. एकच स्टेपनी शिल्लक असताना हा इतिहास वाचणे फारसे सुखाचे नव्हते.

ईगल प्लेन्सच्या गॅरेजमध्ये दुसरे टायर मिळाले नाही, तेव्हा पुढचा प्रवास ताशी ६० च्या आत केला. ४०५ व्या किलोमीटरला आर्क्टिक वृत्त ओलांडले. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडाच्याच पुढच्या प्रदेशाची हद्द लागताच घड्याळ एक तास पुढे करावे लागले. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फुकट फेरीबोट असते, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच वाहने जातात, आणि मधल्या काळात, बर्फ धड गोठलेले नसते किंवा धड वितळलेले नसते तेव्हा, पलीकडे जाताच येत नाही. फेरीबोटीचा उतार म्हणजे पाण्यापर्यंत लोटलेला खडीचा ढीग असतो. गाडीचा पुढचा बंपर त्यावर घासू नये म्हणून तिथल्या कामगाराने हाताच्या खुणांनी मला अगदी मुंगीच्या पावलांनी खाली आणले.

इनुविकमध्ये जुलैतही रात्र होतच नव्हती. खिडक्यांवरील जाड पडदे ओढूनच झोपावे लागे. गोठलेल्या मातीमुळे तिथल्या पाण्याच्या नळवाहिन्या जमिनीवरूनच, खांबांवर उचलून नेल्या आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात खुल्या झालेल्या १३८ किलोमीटरच्या रस्त्याने आम्ही आर्क्टिक महासागराच्या काठावरील टुक्टोयाक्टुक या गावी गेलो. किनाऱ्यावर गारठ्यात पाण्यात पाय बुडवून उभे राहिलो, दूर दिसणारे पिंगो नावाचे बर्फगर्भ टेकाड पाहिले, आणि लगेच परत फिरलो. कारण येताना पाहिलेले सगळे दगड परतीच्या वाटेवरही होतेच.

व्हाइटहॉर्सला पोहोचण्यापूर्वी डॉसनमध्ये गाडी दोनदा धुतली. तरीही परत देताना कंपनीतल्या तरुणाने स्टेपन्या मोजल्या, समोरच्या काचेवर बोट फिरवले आणि दोन टवके दाखवले. एक माझ्या पहिल्या दिवसाच्या फोटोत स्पष्ट दिसत होता, तो त्याने निमूटपणे खोडला. दुसरा आमचाच होता. त्याचे आणि टायरचे पैसे अनामतीतून गेले. मग त्याने पुढच्या चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून करड्या चिखलाचे एक ढेकूळ खेचून काढले, ते टेबलावर आपटून पाहिले, ते फुटले नाही, आणि धुलाईची रक्कमही बिलात लिहिली.