देवगिरी : आधी गाव, मग डोंगर

आत्याच्या हट्टामुळं देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, गुरुवारी गेलो. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते तेव्हा गुरुवारी कचेरीला सुट्टी असे, असं वारकरी मंडळी सांगत आली आहेत, म्हणून तिला वार तोच हवा होता. जालन्याहून सकाळच्या गाडीनं छत्रपती संभाजीनगर गाठलं आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद-वेरूळकडं जाणारी एसटी धरली. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. कंडक्टरला 'दौलताबाद किल्ला' असंच सांगा.

तिकीट काढून दरवाजांची वळणं पार केली आणि आत्या थांबली. "मला वर नको नेऊस, गुडघे बोलायलेत. तू ये जाऊन, मी हितंच बसते." शाळेच्या सहलीपासून चार वेळा मी हा किल्ला चढलोय. दर वेळी सरळ अंधारीत, म्हणजे डोंगरातल्या काळोख्या भुयारी वाटेत, तिथून वरच्या बारादरी महालात, की खाली. या वेळी तिला एकटं सोडवेना आणि पायथ्यालाच तीन तास गेले. देवगिरीची राजधानी या पायथ्याशी होती, हे मला चाळिशीत कळलं.

वर डोंगरावर राजा लपायचा. माणसं राहायची, विकायची, गायची ती खाली. पाचव्या भिल्लमानं 1187 च्या सुमारास इथं यादवांची राजधानी केली. त्याच्या नातवाच्या, सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता, 'संगीतरत्नाकर' लिहिणारा. त्याचे आजोबा काश्मीरहून इकडं आलेले. काश्मीरच्या पंडिताला यावंसं वाटावं असं हे शहर होतं. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, तिच्या शेवटी इथल्याच रामदेवरावाचं नाव येतं. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1296 मध्ये, अलाउद्दीन खलजी चालून आला. यादवांचं मोठं सैन्य तेव्हा बाहेर होतं. राजा वर जाऊन बसला आणि खालचं शहर लुटलं गेलं. घाईघाईनं वर चढवलेल्या धान्याच्या गोण्यांत मीठ निघालं, ही गोष्ट आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असते. लुटल्या गेलेल्या पेठेबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात महाकोटाच्या, म्हणजे पायथ्याच्या मोठ्या तटाच्या, आत खालच्या नगराच्या गल्ल्या आणि घरांचे पाये उघडे झाले आहेत. लोक त्यांच्याकडं न बघता चाँद मिनारसमोर फोटो काढून पुढं जातात. कृपा करून तिथं अर्धा तास द्या. मिनार बहमनींचा, पंधराव्या शतकातला. आत चढायला बंदी आहे, त्यामुळं तो बाहेरून बघून होतो.

मुहंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून इथं हलवली, एवढंच आपण शाळेत शिकतो आणि ते वेडेपणाचा नमुना म्हणून. पण 1342 मध्ये दिल्लीहून चीनकडं निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता या शहरातून गेला आणि त्यानं जे लिहून ठेवलं ते वाचून मी हरखलो. शहराचे तीन भाग तो सांगतो : दौलताबाद, कटक आणि वरचा देवगीर किल्ला. इथं गवयांचा एक आख्खा बाजार होता, नाव तरबाबाद. दुकानं सजवलेली, आत गाणाऱ्या बायकांसाठी झोपाळे. मधल्या घुमटीत गवयांचा मुख्य दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर येऊन बसे आणि गाणं चाले. गुरुवार! आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, मी म्हनलं नव्हतं?"

द्राक्षं आणि डाळिंबंही त्यानं लिहिलीत, वर्षातून दोनदा येणारी. ज्याच्या शेतात डाळिंब आहे त्याला आंबे बहार आणि मृग बहार हे फळधारणेचे दोन हंगाम समजावून सांगावे लागणार नाहीत.

हत्ती हौद आवर्जून बघा. सुमारे 38 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेसहा मीटर खोल. मराठवाड्यातल्या माणसानं त्याच्या काठावर उभं राहिलं की आधी मनात येतं ते टँकर. एवढं पाणी साठवायची सोय केली म्हणून इथं शहर नांदलं. वाटेतल्या सरस्वती बावडीतही डोकावून या.

भारतमाता मंदिराच्या खांबांत या गावाचा सगळा इतिहास एकावर एक बसलाय. खांब जुन्या देवळांचे, 1318 मध्ये त्यांची मशीद झाली, आणि हैदराबाद मुक्तीनंतर आत भारतमातेची मूर्ती आली. आत्या तिथं भिंतीला टेकून बसली. "स्वामींनी हिशेब इथंच कुठं बघितला असंल का रे?" पैठणहून पोरवयात आलेले एकनाथ स्वामींपाशी इथंच राहिले. हिशेबातली एका पैची चूक शोधत रात्रभर जागले आणि सापडल्यावर टाळ्या पिटत उठले. वहीतली ती चूक नेमक्या कुठल्या ओसरीवर सापडली ते मला सांगता आलं नाही. ती हळू आवाजात अभंग म्हणत राहिली, शेवटी 'एका जनार्दनी' आलं की हात जोडायची.

तुम्ही जाणार असाल तर आठपर्यंत पोचा. खालच्या नगराला दोन तास आणि चढाईला अडीच, असा हिशेब ठेवा. ऊन चढल्यावर दगड तापतो. अंधारीत वटवाघळं आहेत, वास उग्र येतो, पायऱ्या उंचसखल. मोबाइलच्या उजेडावर भागवू नका, बॅटरी हातात असू द्या. दम्याच्या माणसानं आत जाऊच नये. चप्पल नको, बूट घाला. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ बॅगेत बंद ठेवा. पाणी भरून न्या आणि स्वच्छतागृहाचं काम खाली दाराजवळच उरकून घ्या, बायकांनी तर नक्कीच. श्रावणातले शनिवार आणि सोमवार टाळा : भद्रा मारुती आणि घृष्णेश्वराची गर्दी याच रस्त्यानं जाते, आणि पुढं जुन्या वेशीपाशी वाहनं तासन्‌तास अडकतात.

ज्यांना वर जायचं नाही त्यांनी 'मग काय बघायचं?' म्हणून घरी बसू नये. म्हाताऱ्या माणसांना जरूर आणा, खालची वाट बरीच सपाट आहे.

परतताना रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या होत्या. आत्यानं डोळे उघडलेली सहा निवडली, दर पाडून घेतला आणि एसटीत खिडकीशी बसून डोंगराकडं बघत दोन तिथंच खाल्ली. बिया रुमालात बांधून घेतल्या, परड्यात लावायला.